कॅथलिक आणि प्रोटेस्टंट: भांडण नेमकं कशावरून?

कोकमसार
मंडळी, प्रश्न बेसिक आहे, हसायचं तर हसा पण उत्तर द्या. आमच्या टीममधल्या एका मुलीचं लग्न ठरलंय. ती नगरकडची, प्रोटेस्टंट. मुलगा वसईचा, कॅथलिक. मला वाटलं दोघंही ख्रिश्चन, मग अडलंय कुठे. तर दोन्ही घरांत जोरदार धुसफूस चालू आहे. लग्न कुठल्या चर्चमध्ये, फादर लावणार की पाळक, आणि तिच्या आत्याने कुठूनतरी ऐकलंय की मुलीला पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला लावतात. त्यावरून घरात अबोला. मी थोडं वाचायला घेतलं तर नेटवर एकतर पोपला सैतान ठरवणारे नाहीतर ल्यूथरला शिव्या घालणारे, मधलं कोणी नाहीच. तर जाणकारांनी सांगा, कॅथलिक लोक मारियेची (येशूच्या आईची) पूजा करतात का? पोप बोलेल ते सगळं खरं मानायचं असतं का? फादरना लग्न करता येत नाही आणि पाळकांना येतं हे कसं काय? बायबल तरी एकच आहे ना? आणि मुळात हे सगळं फाटलं कशावरून?

बारक्या
खुर्ची पकडली आहे. चहा मागवलाय.

डबल_कटिंग
सोपंय हो. आपल्याकडे शैव आणि वैष्णव, तिकडे हे. पूर्वी डोकी फोडायचे, आता एकमेकांच्या लग्नात जेवतात. विषय संपला, धागा बंद करा.

मोडीवाचक
@डबल_कटिंग, शैव-वैष्णवांच्या डोक्यावर एकच संस्था कधी नव्हती, त्यामुळे कोणी कोणाला तिच्यातून हाकलण्याचा प्रश्नच नव्हता. इथे पश्चिम युरोपभर एकच चर्च होतं, एकच पोप, लॅटिनमधली एकच उपासना. (पूर्वेकडचे ऑर्थोडॉक्स १०५४लाच वेगळे झाले होते, ते प्रकरण निराळं, त्यात आत्ता शिरत नाही.)

सुरुवात बघायला गेलं तर पैशापासून आहे. आल्ब्रेख्त नावाचा एक तरुण सरदारपुत्र, आधीच एका ठिकाणी आर्चबिशप, त्याला माइन्त्सची गादीही हवी होती. दोन दोन गाद्यांसाठी रोमला भरायची रक्कम प्रचंड, ती त्याने आउग्सबुर्गच्या फुगर सावकारांकडून कर्जाने उचलली. कर्ज फेडायचं कसं? तर पोप दहावा लिओ रोममध्ये सेंट पीटर्सचं बांधकाम करत होता, त्यासाठी जर्मनीत 'इंडल्जन्स' विकायची परवानगी आल्ब्रेख्तला मिळाली. निम्मे पैसे रोमला, निम्मे सावकाराला. गावोगाव फिरून विकायला योहान टेट्झेल नावाचा साधू. इंडल्जन्स म्हणजे पापाची माफी नव्हे हे आधी लक्षात घ्या, माफी कबुलीने मिळते, पण माफी मिळाली तरी पापाची जी शिक्षा भोगायची उरते ती कमी करणं म्हणजे इंडल्जन्स. आता हा बारकावा बाजारात उभ्या शेतकऱ्याला कोण समजावणार, त्याला एवढंच कळलं की नाणं टाकलं की मेलेल्या आजीची सुटका.

विटेनबर्गचा मार्टिन ल्यूथर स्वतः साधू आणि प्राध्यापक. त्याने ३१ ऑक्टोबर १५१७ला ९५ मुद्दे काढले आणि पत्रासोबत थेट आल्ब्रेख्तलाच पाठवले. त्याला वेगळं चर्च काढायचंच नव्हतं, तो वाद घालायला बोलावत होता. पण छापखाने आले होते, मुद्दे हां हां म्हणता जर्मनीभर गेले. १५२१च्या जानेवारीत पोपने त्याला बहिष्कृत केलं आणि त्याच वर्षी वर्म्सच्या सभेत सम्राटासमोर त्याने शब्द मागे घ्यायला नकार दिला. पुढचं राजकारण आहे. काही जर्मन राजांना रोमचं जोखड नकोच होतं, त्यांनी ल्यूथरला पाठीशी घातलं. हे झालं नसतं तर ल्यूथर जाळला गेला असता आणि आपण आज हा धागा वाचत नसतो.

बारक्या
म्हणजे होम लोनपायी धर्म फुटला.

सोपारा
मी वसईचा, कॅथलिक. मोडीवाचक यांनी लिहिलंय ते आम्हीही नाकारत नाही, टेट्झेलचा धंदा चुकीचाच होता. ट्रेंटची परिषद (१५४५ ते १५६३) भरली तिने त्या बाजारावर बंदी आणली, बिशपांना आपापल्या गावी राहायला लावलं, फादरांच्या शिक्षणासाठी सेमिनऱ्या सुरू केल्या. इंडल्जन्स आजही आहे, २०२५च्या जुबिली वर्षात लोक मिळवायला रोमला गेले, फक्त पैसे लागत नाहीत. विमानाचे लागतात तेवढेच.

आता मारियेचं. पूजा नाही. पूजा फक्त देवाची. तिला आम्ही मान देतो आणि सांगतो बाई आमच्यासाठी देवाकडे प्रार्थना कर, जसं आपण ओळखीच्या माणसाला सांगतो. आमच्याकडे ऑक्टोबरात रोज संध्याकाळी शेजारी जमून रोजरी (जपमाळेवरची प्रार्थना) म्हणतो, एकेका घरी पाळी. माझ्या आजीच्या रोजरीचे मणी अंगठ्याने इतके झिजले होते की लाकूड आहे की काय तेच कळत नव्हतं. तिला जाऊन कोणी सांगितलं असतं की तू मूर्तिपूजा करतेस तर तिने त्याला जेवायला घालून हाकलला असता.

नगरी_मिरची
@सोपारा, आजीबद्दल आदर आहे. पण बांद्र्याच्या माउंट मेरीला सप्टेंबरात जाऊन बघा, मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची घरं वाहतात लोक, आणि आमच्याच जिल्ह्यात हरेगावला मतमाउलीची (म्हणजे मारियेचीच) यात्रा भरते तिथे तर पाय ठेवायला जागा नसते. थिअरीत मान आणि पूजा यातला फरक मला कळतो. प्रत्यक्षात मेणाचं घर वाहणाऱ्याला तो कळतो का, हा आमचा प्रश्न. आम्ही म्हणतो देव आणि माणूस यांत मध्यस्थ एकच, येशू. त्याला सोडून आईकडे वशिला कशाला?

मी चौथ्या पिढीतली प्रोटेस्टंट, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). आमच्या चर्चमध्ये पुतळा नाही, मेणबत्त्यांची रांग नाही. समोर नुसता क्रूस, त्यावर येशूची आकृतीसुद्धा नाही. आणि बोलणं जे काही आहे ते शास्त्रातून. लहानपणी संडेस्कूलला वचन पाठ नसलं की सगळ्यांसमोर उभं राहायला लागायचं, ते अजून स्वप्नात येतं.

सोपारा
मेणाच्या घराबाबत काही अंशी मान्य. पण ल्यूथरने स्वतः १५२१ला मारियेच्या स्तोत्रावर अख्खं विवेचन लिहिलंय आणि त्यात तिच्याबद्दल प्रेमाने लिहिलंय. मारियेला पूर्ण बाजूला सारणं हे नंतरच्या लोकांचं काम. तुम्ही ल्यूथरच्याही पुढे गेलात :)

नगरी_मिरची
आम्ही ल्यूथरचे नाहीच मुळी. नगरला आले ते अमेरिकन मिशनवाले, काँग्रिगेशनल परंपरेतले, त्यांचं कूळ कॅल्विनकडे (ल्यूथरनंतरचा दुसरा मोठा सुधारक) जातं. 'प्रोटेस्टंट' म्हणजे एक चर्च समजू नका हो कोणी, तो मोठा गोतावळा आहे. ल्यूथरन चर्चमध्ये आजही क्रुसावर येशू दिसेल, चित्रं दिसतील. कॅल्विनवाल्यांनी ते सगळं काढलं. अँग्लिकन तर आठव्या हेन्रीला घटस्फोट हवा होता म्हणून १५३४ला रोमपासून वेगळे, त्यांच्यातले काही इतके धूप-झगेवाले की सोपारांना तिथे घरच्यासारखं वाटेल.

मोडीवाचक
+१. आणि हे आपसात भांडले कशावरून तर प्रभुभोजनावरून. १५२९ला मारबुर्गला ल्यूथर आणि झुरिकचा झ्विंग्ली यांना समोरासमोर बसवलं, एकी करायची म्हणून. झ्विंग्लीचं म्हणणं, भाकर आणि द्राक्षारस ही आठवण आहे, खूण आहे. ल्यूथरने खडू घेतला, टेबलावर लॅटिनमध्ये "हे माझे शरीर आहे" असं लिहिलं आणि त्या ओळीवरून हलायला तयार झाला नाही. बाकी सगळ्या मुद्द्यांवर जवळपास जमलं होतं, या एकावर फिसकटलं. कॅथलिक तिसऱ्या बाजूला, त्यांच्या मते भाकर भाकर राहतच नाही, दिसायला भाकर, पण खरोखर ख्रिस्ताचं शरीर. त्यामुळे मिस्सामध्ये (प्रभुभोजनाची कॅथलिक उपासना) ती पांढरी पातळ चकती खाली पडली तर फादर जपून उचलतात, आणि उरलेली कुलूपबंद पेटीत ठेवतात, शेजारी दिवा कायम लावलेला.

@कोकमसार, लग्नाला गेलात आणि मिस्सा असला तर रांगेत लागू नका, जागेवर बसून राहा. कोणी वाईट मानत नाही.

श्टुटगार्टची_सून
इकडे जर्मनीत हा वाद पगाराच्या स्लिपवर असतो. खरंच. राहायला आल्यावर पालिकेत नाव नोंदवताना धर्म विचारतात, कॅथलिक किंवा इव्हान्जेलिक (म्हणजे इकडचे प्रोटेस्टंट) लिहिलंत की आयकराच्या ८ टक्के चर्चकर कापला जातो (आमच्या आणि बायर्न राज्यात ८, बाकी जर्मनीत ९). माझे सासरे ल्यूथरन, सासूबाई कॅथलिक, दोघांच्या स्लिपवर वेगवेगळी अक्षरं आणि गेली चाळीसेक वर्षं त्यावरून घरात टोमणे. आमचं वुर्टेम्बर्ग जुनं प्रोटेस्टंट, पण सुट्टी मिळते १ नोव्हेंबरला, कॅथलिकांच्या सर्व संतांच्या दिवशी. ३१ ऑक्टोबर, जो ल्यूथरचा, त्या दिवशी आम्ही ऑफिसात. सासरे दरवर्षी त्या दिवशी सकाळी चिडलेले असतात.

आणि बाउट्झेन नावाच्या गावात एकच मोठं चर्च दोघांनी वाटून घेतलंय, १५२४पासून. पुढचा भाग कॅथलिकांचा, मागचा प्रोटेस्टंटांचा, मध्ये जाळी. आता जाळी कमरेइतकीच आहे, पूर्वी चांगली उंच होती म्हणे. बघून मला आमच्या चाळीतला सामाईक व्हरांडा आठवला.

डबल_कटिंग
मेंटेनन्स कोण भरतं ते सांगा.

बारक्या
धर्म न लिहिल्यास ८ टक्के वाचतात ही माहिती मिळाल्याने धागा सार्थकी लागला.

पेरूचीफोड
बायबलचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. नवा करार दोघांचा सारखाच, २७ पुस्तकं. जुन्या करारात कॅथलिकांकडे ७ पुस्तकं जास्त, म्हणून त्यांची एकूण ७३, प्रोटेस्टंटांची ६६. ती सात पुस्तकं ग्रीक भाषांतरात होती, हिब्रू संग्रहात नव्हती, ल्यूथरने ती वेगळी काढून 'वाचायला चांगली, पण शास्त्राच्या बरोबरीची नाहीत' अशा जागी ठेवली. यात मख्खी अशी की मेलेल्यांसाठी प्रार्थना करण्याचा उल्लेख त्यातल्याच मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात आहे, म्हणजे ते पुस्तक गेलं की परगेटरीचा (मेल्यावर उरलेली शिक्षा भोगून शुद्ध होण्याची कॅथलिक कल्पना) एक मोठा आधारही गेला.

आणि एक गंमत. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना दोघांची एकच, पण मिश्र घोळक्यात म्हणायला लागलात की शेवटी कॅथलिक थांबतात आणि प्रोटेस्टंट 'कारण राज्य, सामर्थ्य आणि गौरव' म्हणत एकटेच पुढे जातात. मी हॉस्टेलला होते तेव्हा रोज रात्री हा घोळ व्हायचा.

झणझणीत
सगळं गोग्गोड चाललंय म्हणून मी येतो. गोव्यातलं इन्क्विझिशन (पाखंड्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय) १५६०पासून १८१२पर्यंत चाललं ते कुठे गेलं? वसईत १५३४नंतर पोर्तुगीजांनी काय केलं, चिमाजीअप्पाला १७३९ला का जावं लागलं? आणि दोन्ही बाजूंना जात सुटली का? वसईत सामवेदी वेगळे, वाडवळ वेगळे, कोळी वेगळे. नगरला प्रोटेस्टंट म्हटलं की बहुतेक महार-मांग समाजातले, आणि त्यांच्यातही सोयरीक बघून होते. तुमच्या त्या लग्नातली खरी अडचण ल्यूथर आहे की दुसरं काही, हे एकदा विचारा त्या मुलीला.

संपादक
चर्चा विषयाला धरून ठेवा. इन्क्विझिशनवर वेगळा धागा काढता येईल.

सोपारा
@झणझणीत, जातीचं खरं आहे, नाकारणार नाही, आमच्या आजोबांच्या पिढीत तर लग्नाआधी फादरच्याही आधी तेच विचारलं जायचं. बाकी आमच्या पूर्वजांनी रोम की ल्यूथर असं बसून काही निवडलं नव्हतं. पोर्तुगालमध्ये ल्यूथर पोचलाच नाही आणि आमच्याकडे पोर्तुगीज आले, म्हणून आम्ही कॅथलिक. डच आले असते तर आज मी मिरचीताईंच्या बाजूने भांडत असतो.

नगरी_मिरची
हे मात्र शंभर टक्के. आमच्याकडेही तसंच. कंपनी सरकारने १८१३पर्यंत मिशनऱ्यांना नीट शिरूच दिलं नाही, त्यांना धंद्यात कटकट नको होती. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट त्याच वर्षी मुंबईत उतरले, १८३१ला नगरचं काम सुरू झालं, शाळा, दवाखाना, १८४२पासून 'ज्ञानोदय' नियतकालिक. अस्पृश्य म्हणून ज्या विहिरीवर जाता येत नव्हतं त्या गावात आमच्या पणजोबांना पाटी-पेन्सिल मिळाली ती यांच्याकडून. त्यांनी काही कॅथलिक की प्रोटेस्टंट असा तौलनिक अभ्यास केला नव्हता. ना. वा. टिळकांसारखे (१८९५ला बाप्तिस्मा) वाचून, झगडून आलेले थोडे. पंडिता रमाबाईंनी तर इंग्लंडात अँग्लिकन बाप्तिस्मा घेतला आणि मग त्याच चर्चच्या सिस्टरांशी सिद्धान्तावरून पत्रांतून कडाक्याचं भांडण केलं. ती आमची खरी प्रोटेस्टंट!

मोडीवाचक
याची उलट बाजू म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. इंग्रज माणूस, पण इंग्लंड प्रोटेस्टंट झालेलं, तिथे कॅथलिक फादर होणं जवळजवळ अशक्य. म्हणून तो रोमला जाऊन जेझुइट (एका कॅथलिक संघातला साधू) झाला आणि १५७९ला गोव्यात आला. १६१६ला त्याचं क्रिस्तपुराण रायतूरला छापलं गेलं, ओवीबद्ध मराठीत. म्हणजे युरोपात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांना जाळत होते त्याचा एक धागा थेट मराठीच्या कौतुकाच्या ओव्यांपर्यंत येतो. प्रोटेस्टंट लोकभाषेत आणि कॅथलिक लॅटिनमध्ये, हे सरसकट विधानही इथे लंगडं पडतं. मिस्सा मात्र खरंच लॅटिनमध्ये राहिला, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२ ते ६५). मराठी मिस्सा त्यानंतरचा.

कोकमसार
भारी माहिती येतेय. पण पोप आणि फादरचं लग्न राहिलं, आणि कबुली.

सोपारा
पोप सकाळी म्हणाला आज पाऊस पडेल तर तो पडलाच पाहिजे असं नाही. १८७०च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने ठरवलं की श्रद्धा आणि नीती यांबाबत, गादीवरून, सगळ्या चर्चसाठी म्हणून अधिकृत घोषणा केली तरच ती अचूक. त्यानंतर असं उघडपणे झालं ते १९५०ला, मारियेच्या स्वर्गारोहणाबाबत. फुटबॉलबद्दल पोप आमच्याइतकाच चुकतो.

लग्नबंदी हा शिस्तीचा नियम आहे, मूळ श्रद्धेचा भाग नाही. पश्चिमेकडच्या चर्चमध्ये तो बाराव्या शतकात पक्का झाला. रोमला मानणाऱ्याच पौर्वात्य चर्चमध्ये लग्न झालेले फादर आहेत, अँग्लिकन सोडून आलेले बायकामुलांसकट फादर झालेले आहेत. ल्यूथरने १५२५ला कॅथरीना फोन बोरा या माजी सिस्टरशी लग्न केलं, त्यांच्याकडचा प्रश्न तिथेच मिटला.

कबुली लोकांना विचित्र वाटते. जाळीपलीकडे फादर, अलीकडे तुम्ही. मला स्वतःला आवडते. फादर बाहेर एक अक्षर बोलू शकत नाहीत, बोलले तर बहिष्कृत.

नगरी_मिरची
आणि आमच्याकडे ती थेट देवाकडे, मध्ये जाळी नाही. पण खरं सांगू का, पाळकीणबाईंना सांगितलं की रविवारपर्यंत अख्ख्या मंडळीला कळतं, त्यापेक्षा जाळी बरी.

आणि बायकांचा मुद्दा कोणीच काढला नाही. आमच्याकडे स्त्रिया पाळक होतात. दक्षिणेत सीएसआयने (चर्च ऑफ साउथ इंडिया) २०१३ला बिशपही केली. सोपारा, तुमच्याकडे कधी?

सोपारा
पास. पुढचा प्रश्न.

पेरूचीफोड
हाहाहा. पण मूळ सिद्धान्त राहिलाच की. ल्यूथरचा गाभ्याचा मुद्दा पैसा नव्हताच, तारण कशाने मिळतं हा होता. तो म्हणाला केवळ श्रद्धेने, कर्मं त्यातून आपोआप येतील पण त्यांनी काही कमावता येत नाही. कॅथलिक म्हणाले कृपा देवाचीच, पण माणसाने तिला साथ द्यायला हवी. यावर ट्रेंटने शाप दिले, पुढे १६१८ ते १६४८ युद्ध झालं (राजकारण होतंच त्यात). आणि ३१ ऑक्टोबर १९९९ला आउग्सबुर्गमध्ये, जिथे ते फुगर सावकार होते तिथेच, ल्यूथरनांनी आणि व्हॅटिकनने या मुद्द्यावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या की मूळ गोष्टीत आपलं एकमत आहे, जुने शाप आजच्या शिकवणीला लागू नाहीत. बातमी आपल्याकडे कोणी वाचली नसावी.

घंटाळी
उशिरा येतेय. धागाकर्तीच्या मूळ प्रश्नाचं कोणी उत्तरच दिलं नाही, सगळे जर्मनीत. मी या लग्नातून गेलेली आहे, मी कॅथलिक, नवरा मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंटच.

पुन्हा बाप्तिस्मा: नाही. पाण्याने, पिता-पुत्र-पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला असेल तर कॅथलिक चर्च तो मानतं. मुलीने तिच्या मंडळीतून बाप्तिस्म्याचा दाखला आणायचा, बास. आत्याने जे ऐकलंय ते बहुतेक बिलिव्हर्स मंडळींचं असावं, ते मोठेपणी पाण्यात बुडवून पुन्हा देतात, लहानपणचा धरत नाहीत. त्यांचा या लग्नाशी संबंध नाही.

मुलाने त्याच्या फादरांकडे जाऊन बिशपची परवानगी मागायची, मिश्र विवाहाला ती लागतेच. त्याला एक वचन द्यावं लागतं की मुलांना कॅथलिक बाप्तिस्मा देण्यासाठी मी माझ्या परीने प्रयत्न करेन. वचन त्याचं आहे, तिचं नाही. तिला फक्त याची कल्पना दिलेली असावी लागते. आमच्या घरी सगळं रामायण या एका कागदावरून झालं, कारण तो कागद सासूबाईंना लग्नाच्या आठवड्यात दिसला. आधी दाखवा, जेवायला बसवून दाखवा.

लग्न तिच्या चर्चमध्ये करायचं असेल तरी होऊ शकतं, बिशपकडून तशी वेगळी सूट घ्यावी लागते. दोनदा दोन विधी मात्र करता येत नाहीत. कॅथलिक चर्चमध्ये केलं तर तिच्या पाळकांना बोलवा, बायबलमधलं वचन वाचायला, आशीर्वादाची प्रार्थना करायला. आमच्याकडे मिस्साशिवाय नुसता लग्नविधी ठेवला, म्हणजे अर्धे लोक प्रभुभोजनाला उठले आणि अर्धे बसून राहिले असं दृश्य झालं नाही. दोघांचाही बाप्तिस्मा झालेला असल्याने कॅथलिक चर्चच्या दृष्टीने ते पूर्ण साक्रामेंत (चर्चचा पवित्र संस्कार) आहे, कमी प्रतीचं नाही, हे तिच्या आईवडिलांना कोणीतरी नीट सांगा.

नगरी_मिरची
हे वाचून बरं वाटलं. वडिलांना पाळकांचं नाव पत्रिकेत हवं असतं, अर्धं भांडण तिथे असतं. ते छापा.

कोकमसार
घंटाळीताई, तुमचा प्रतिसाद तिला जसाच्या तसा पाठवला. ती म्हणतेय कागदाबद्दल मुलगा काही बोललाच नव्हता, आता त्याची चंपी चालू आहे. तारीख साधारण फेब्रुवारी २०२७चा दुसरा पंधरवडा धरलीय, हॉलही बघून झालाय.

सोपारा
थांबा थांबा. २०२७ला राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आहे, तिथून ईस्टरपर्यंत, म्हणजे २८ मार्चपर्यंत उपवासकाळ. आमच्या वसईत त्या दिवसांत लग्नं ठेवत नाहीत, फादर सहसा ऐकणार नाहीत आणि ऐकले तरी मुलाकडचे पाहुणे मटणाला हात लावणार नाहीत. हॉलचा ॲडव्हान्स दिला नसेल तर जानेवारी बघा.

कोकमसार
ॲडव्हान्स दिलाय.

बारक्या
चहा संपला, दुसरा मागवतोय.